फाटकावरच्या बाई

बस सिग्नलला थांबली आणि शेजारी गुरांचा ट्रक येऊन उभा राहिला. यात नवीन काहीच नव्हतं. मातादेरोस ही वस्ती मुळी ओळखली जाते तीच कत्तलखान्यांच्या नावाने. ब्युनोस आयरेसच्या या कोपऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला शेणाचा, ओल्या कातड्याचा, उकळत्या चरबीचा वास वेगळा असा येत नाही. उलट सुट्टीवर समुद्राकाठी गेलं की हवेत काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. डिसेंबरचा उन्हाळा अंगावर चढत होता. डेलियाने खिडकी पूर्ण उघडली होती, मांडीवर स्वरलिपीच्या पुस्तकांची पिशवी होती, हात बाहेर लोंबत होता, आणि ती फ्लोरेस वस्तीत जिला पियानो शिकवायची त्या मठ्ठ मुलीचा विचार करत होती, जिला डावा हात हा प्रकार असतो हेच मान्य नव्हतं. तेवढ्यात तिची बोटं कशात तरी गेली. गरम, ओलं, खरखरीत. तिने पाहिलं तर ट्रकच्या फळ्यांच्या फटीतून एक तांबडं नाकाड बाहेर आलं होतं आणि तिची मधली दोन बोटं त्याच्या तोंडात होती. वासरू चोखत होतं. चावत नव्हतं, चाटत नव्हतं, चोखत होतं, टाळूच्या वळ्यांवर बोटं दाबून, मधेच धक्का देऊन, जसं आचळाला देतात तसं. डेलियाने हात मागे घेतला नाही. घ्यायला हवा होता असं तिला नंतर वाटलं, पण त्या क्षणी हाताने तिला विचारलंच नाही. हाताला हे येत होतं. मग सिग्नल सुटला. बस सरळ गेली, ट्रक उजवीकडे वळला, बोटं सुटली तेव्हा ‘पच’ असा बारीक आवाज झाला. समोरच्या बाकावरची बाई तोंड वाकडं करून म्हणाली, “कागद देऊ का पुसायला?” डेलिया म्हणाली, “नको. राहू दे.”

घरी येऊन ती पियानोसमोर बसली आणि पट्ट्यांना हात लावेना. लाळ वाळून बोटांवर ताणल्यासारखी झाली होती. पडद्याआडून दुपारचं ऊन येत होतं, खाली कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. तिला तिच्या वडिलांचा गोठा आठवला. आठवला असं म्हणणंही खरं नाही, कारण तो ती कधी विसरलीच नव्हती. सांता फे प्रांतातला तो गोठा तिच्या प्रत्येक मेजवानीतल्या गोष्टीत येत असे. दूध विकायचं म्हणून वासरं आईपासून लवकर तोडत, आणि त्यांना बादलीतून प्यायला शिकवायचं काम धाकट्या डेलियाचं. दुधात हात बुडवायचा, बोटं त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हळूहळू हात दुधाखाली न्यायचा. इतर पोरांना ते जमत नसे. वडील शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. म्हणत, “माझ्या पोरीच्या हाताला गूळ लावलाय देवाने.” पुढे गोठा विकला, कुटुंब शहरात आलं, त्या पैशांतून मोठ्या भावाने, ओस्वाल्दोने, गुरं वाहायला पहिला ट्रक घेतला आणि डेलिया संगीत शिकली. आता चौसष्टाव्या वर्षी तिच्याकडे दोन खोल्या होत्या, एक पियानो होता, शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त होताना मिळालेलं एक घड्याळ होतं, आणि सगळ्या वस्तीत, खाटकापासून बसचालकापर्यंत, प्रत्येकाच्या तोंडी ‘बाई’ हे एकच नाव होतं. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “चाळीस-चाळीस पोरं रोज शाळेचे पांढरे झगे घालून समोर उभी राहायची. आणखी कशाला?”

त्या रविवारी ती नेहमीसारखी भावाकडे गेली. ओस्वाल्दोच्या परसात सकाळपासून निखारे फुललेले असत. दोन मुलगे, सुना, नातवंडं, व्याही रुबेन, सगळे त्या जाळीभोवती. ओस्वाल्दो स्वतः मांस भाजायचा आणि कुणाला चिमट्याला हात लावू द्यायचा नाही. बरगड्या एका बाजूला, आतडी दुसरीकडे, मिठाचा खडा तळहातावर चोळून वरून सोडायचा. बोलायचा कमी. डेलियाला त्याचं ते काम करणं बघायला फार आवडायचं. ती म्हणायची, ओस्वाल्दो निखाऱ्यापुढे उभा राहिला की आमच्या शाळेतल्या कुठल्याही वाद्यवृंदाच्या संचालकापेक्षा रुबाबदार दिसतो. त्या दिवशी त्याने तिच्या बशीत बरगडी वाढली, तिने सुरी घेतली, तुकडा कापला, काट्यावर घेतला, तोंडापर्यंत नेला आणि तिथे तो राहिला. वास रोजचाच होता. पण तिच्या मधल्या दोन बोटांना पुन्हा तो दाब जाणवला, टाळूचा, वळ्यावळ्यांचा. तिने काटा खाली ठेवला. ठेवताना झालेला आवाज तिला फार मोठा वाटला.

“काय झालं बाई, कच्चं लागलं?” रुबेनने विचारलं. त्याची मुलगी तिच्याकडे शिकली होती म्हणून तोही तिला बाईच म्हणायचा. “ओस्वाल्दो, अरे बहिणीला कच्चं वाढलंस.”

“भूक नाही,” डेलिया म्हणाली.

“भूक नाही तर ती वासराची गोष्ट सांगा. या नव्या सूनबाईंनी ऐकली नाही.”

आणि ती सांगायला लागली, कारण ती गोष्ट तिच्या तोंडात बसलेली होती, चढ-उतार ठरलेले होते, हशा कुठे येतो ते ठरलेलं होतं. एकदा व्यापाऱ्याची गाडी आली होती. वासरं फळीवरून गाडीत चढेनात. माणसं ढकलत होती, शेपट्या पिळत होती. वडिलांनी डेलियाला हाक मारली. तिने बोटं पुढे केली आणि उलट्या पावलांनी चालत फळीवर चढली, तशी तांबड्या कपाळाचं ते वासरू बोटं चोखत चोखत मागून वर आलं आणि त्याच्यामागे बाकीची आली. व्यापाऱ्याने टोपी काढून सलाम केला. इथे हशा येत असे. या खेपेला डेलिया फळीपर्यंत आली आणि थांबली. सगळे बघत होते. नातवंडांपैकी एकाने विचारलं, “मग?”

“मग बाबांनी मला थोबाडीत मारली,” ओस्वाल्दो म्हणाला. तो पाठमोरा होता, निखारे सारखे करत होता. “हे ती सांगत नाही. मी गोठ्यामागे रडत बसलो होतो. मला आधी सांगितलं होतं त्यांना चढवायला, मी नाही म्हणालो. तर बाबा मला ओढत आणून म्हणाले, बघ, बहिणीकडून शीक.” मग त्याने चिमटा जाळीवर आपटला आणि विचारलं, “आतडी कोणाला हवीत?”

डेलियाला हे माहीत नव्हतं. किंवा माहीत असेल. तिच्या नजरेआड झालं असेल. ती त्या वेळी वासराकडे बघत होती आणि कुणीतरी तिला सलाम करत होतं. घरी जाताना ती बसमध्ये चढलीच नाही, चालत निघाली. आपल्या भावाला तिने गेली कित्येक वर्षं दणकट, मख्ख, गुरांच्या वजनाशिवाय दुसरं काही न कळणारा माणूस समजून प्रेमाने वागवलं होतं. तो गोठ्यामागचा मुलगा कुठे गेला? ट्रक घेताना तो किती वर्षांचा होता? ट्रक घ्यायचं कुणी ठरवलं, त्याने की बाबांनी? गुरांच्या कोंडवाड्यांलगतचा कॉरालेस रस्ता तिने ओलांडला तेव्हा डांबरावर खुरांखालची ओली घाण पसरली होती आणि तिचा पाय घसरला. तिने एका खांबाला धरलं. तिला वाटलं की आपल्याला लाज वाटायला हवी, पण लाज नव्हती. काहीतरी अर्धवट वाजून थांबलेलं होतं आणि कान त्याच्या पुढच्या सुराची वाट बघत होते.

तिच्या खालच्या मजल्यावर मिकाएला राहायची, रुग्णालयात परिचारिका होती, लहानपणी डेलियाच्या वर्गात तिसऱ्या रांगेत उभी असायची आणि राष्ट्रगीताआधीची लांबलचक सुरावट संपायच्या आत हमखास तोंड उघडायची. दर गुरुवारी दुपारी ती पाण्याचे कॅन घेऊन बाहेर पडते आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परत येते हे डेलियाने जिन्यात पाहिलं होतं. कधी विचारलं नव्हतं. सोमवारी तिने दार वाजवलं.

“तू गुरुवारी कुठे जातेस गं?”

“तुम्हाला नाही आवडायचं, बाई.”

“आवडायचं का नाही ते नंतर. कुठे जातेस?”

मिकाएलाने दाराला टेकून सांगितलं. रेल्वेपलीकडच्या मोठ्या कत्तलखान्याच्या फाटकावर दहाबाराजण जमतात. ट्रक आत जायच्या आधी गुरांना पाणी पाजायचा प्रयत्न करतात. फार तर ट्रकचा वेग कमी झाला तर एखाद्याच्या तोंडावर शिंपडायला मिळतं. ड्रायव्हर थांबत नाहीत. गेल्या महिन्यात एकाने माते नावाचा पाल्याचा चहा पिऊन उरलेला चोथा त्यांच्या अंगावर फेकला. “आम्ही त्यांना सोडवू शकत नाही, बाई. ते आधीच सांगते. लोक येतात, त्यांना वाटतं काहीतरी सुटेल, दुसऱ्या वेळी येत नाहीत.”

“मग तू का जातेस?”

“आमच्या वॉर्डात ज्यांचं कुणी नसतं, त्यांच्याजवळ शेवटी आमच्यापैकी एकजण बसते. औषध नसतं काही. बसायचं. ती सवय असेल.”

गुरुवारी डेलिया गेली ती नुसतं बघायला. शाळेत जाताना घालायची तो निळा कोट तिने घातला, उन्हाळा असूनही. कुठेही पहिल्यांदा जाताना तिला तो लागायचा. पदपथावर कोवळी पोरं, एक दाढीवाला पुस्तकबांधणीवाला, दोन मैत्रिणी, हातात फलक. कुणीतरी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. पहिला ट्रक वळला. पोरं ओरडायला लागली, “थांबा, प्लीज, दोन मिनिटं,” ड्रायव्हरने भोंगा दाबून धरला, आणि त्या आवाजाच्या आत, त्याच्याखाली, डेलियाला दुसरा आवाज ऐकू आला, खर्जातला, बऱ्याच गळ्यांतून एकाच वेळी निघणारा आणि कुठेही एकत्र न जुळणारा. तिने आयुष्यभर बेसूर गळे जुळवले होते. ती कधी पदपथावरून उतरली ते तिला कळलं नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने उजवा तळहात वर केला, खांद्याच्या उंचीवर, बोटं मिटलेली. पोरांनी घाईने गायला सुरुवात करू नये म्हणून ती वर्गात तो असाच धरायची.

ट्रक थांबला. भोंगा थांबला. काचेतून एक जाडजूड चेहरा बाहेर आला.

“बाई? तुम्ही इथं काय करताय?”

“उभी आहे. दमियान ना तू? इंजिन बंद कर.”

“बाई, आत माल घ्यायला उभे आहेत. साहेब ओरडेल.”

“ओरडू दे. तू तिसरीत असताना मी रोज ओरडायचे. काही झालं तुला?”

दमियानने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि किल्ली फिरवली. “आणि ती सिगारेट,” डेलिया म्हणाली. त्याने ती बाहेर टाकली. पदपथावरची पोरं जागच्या जागी खिळली होती. मिकाएला पहिली धावली, मग सगळेच, आणि डेलियानेही एक बाटली घेतली. फळीच्या फटीतून तिला एक डोळा दिसला, काळाभोर, त्याच्या कडेला माशी, आणि कानाला पिवळी चकती. पाणी जिभेवर पडलं तेव्हा त्या जनावराने आधी डोकं मागे घेतलं, मग पुढे केलं, आणि मग त्याला पाणी पुरेना. तिची बाटली संपली. दुसरी कुणीतरी हातात दिली. दमियान खाली उतरून शेजारी उभा राहिला होता, म्हणाला, “पहाटेपासून आणतोय. वाटेत पाणी द्यायची सोय नाही, बाई, खरंच नाही.” मग ट्रक आत गेला. लोखंडी फाटक लागलं. पोरांतली एक रडत होती. आणि डेलियाच्या छातीत जे भरून आलं होतं ते दुःख नव्हतं. ती घाबरलीच, पण ते ओळखू येत होतं. अभिमान होता. ताठ, जुना, लहानपणीच्या त्या फळीवरचाच. ती स्वतःवर चिडली. पलीकडे पन्नास पावलांवर जीव चालले आहेत आणि म्हातारे, तू आपल्या तळहातावर खूष आहेस. पण चिडूनही तो गेला नाही. आणि रात्री अंथरुणात तिला वाटलं की जाऊ दे, राहू दे त्याला. त्या वेळीही हात चालला होता, आजही हात चालला; फरक एवढाच की आज कुठे चाललोय हे हाताला माहीत होतं.

मग दर गुरुवार. बातमी वस्तीत पसरायला किती वेळ लागतो. ड्रायव्हरांपैकी निम्मे तिच्या हाताखालून गेलेले. जे नव्हते त्यांना बाकीच्यांनी सांगितलं. काही थांबत, काही हळू करत, एकदोघे मान फिरवून वेगाने काढत आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले की पलीकडच्या पदपथाला जात. फाटकावरचा रखवालदार पहिल्यांदा शिव्या द्यायचा, मग कोटाकडे बघून म्हणायला लागला, “बाई, उन्हात टोपी घाला निदान.” कोपऱ्यावरचा खाटीक आन्सेल्मो दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, “आता माझ्याशी बोलणार की नाही?” ती म्हणाली, “बोलणार. विकत काही घेणार नाही.” तो हसला, पण तिच्या पाठीमागे त्याने दार आपटलं हेही तिला ऐकू आलं. पदपथावरच्या पोरांना तिने ओरडणं बंद करायला लावलं. “ओरडता तेव्हा तुम्हाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो,” ती म्हणाली. एका वेळी एकाने बोलायचं. ड्रायव्हरचं नाव विचारायचं. तेही पांढऱ्या झग्यातल्या पोरांसारखे ऐकायला लागले, आणि त्यांची संख्या वाढली. मिकाएलाच्या रुग्णालयातल्या दोघी आल्या, मग दमियानची बायको आली, आपण कुणाची बायको हे कुणाला न सांगता.

ओस्वाल्दो दुसऱ्या कत्तलखान्याचे फेरे करायचा, दक्षिणेकडच्या. रविवारी ती जात राहिली, कोशिंबीर आणि पाव खात राहिली, तो तिच्या बशीकडे न बघता वाढत राहिला. एके दिवशी वहिनीचा, ग्रासिएलाचा, फोन आला. “डेलिया, ट्रकच्या तळावर लोक हसतात गं त्याला. म्हणतात, तुझी बहीण आमचे ट्रक अडवते, तुझा अडवून दाखव म्हणावं. तो काही बोलत नाही. जेवत नाही नीट.” डेलिया म्हणाली, “मी बोलते त्याच्याशी.” पण बोलली नाही. काय बोलणार होती? आईच्या शेवटच्या आजारपणाची औषधं त्या ट्रकवर झाली होती. तिचा पियानोही त्याच ट्रकमधून आला होता, धुऊन काढलेल्या, तरी वास न गेलेल्या, आणि तीन माळे ओस्वाल्दोने तो पाठीवर घेतला होता.

पानगळीचा ऋतू लागला होता, झाडांची पानं पदपथावर साचली होती, तेव्हा एका गुरुवारी कोपऱ्यावरून वळलेल्या ट्रकचं तोंड तिने लांबूनच ओळखलं. हिरवं, उजवा दिवा नवीन. दक्षिणेकडचा कत्तलखाना बंद पडला असेल, किंवा कुणी मुद्दाम हा फेरा ओस्वाल्दोच्या गळ्यात घातला असेल. मिकाएला म्हणाली, “बाई, हा नवीन दिसतो. थांबेल का?” डेलिया उतरली, मधोमध उभी राहिली, तळहात वर केला.

ट्रक थांबला नाही. जोरातही आला नाही. चालण्याच्या गतीने, एकसारखा पुढे येत राहिला. काचेआड ओस्वाल्दोचा चेहरा तिला नीट दिसत होता. तो तिच्याकडे न बघता तिच्या डोक्यावरून फाटकाकडे बघत होता. तो तिचा विद्यार्थी नव्हता. त्याच्यापुढे तिने कधी हात वर केला नव्हता. त्याच्यापुढे ती ‘नेना’ होती, धाकटी. पदपथावरून कुणीतरी ओरडलं. तिच्या तोंडाला लोखंडाची चव आली आणि तिला वाटलं, बाजूला हो, त्याने काय वाईट केलंय तुझं. पाय हलले नाहीत. तिला खात्री नव्हती की तो थांबेल. हे तिने नंतर स्वतःशी वारंवार तपासून पाहिलं: थांबेल असं माहीत असल्यामुळे उभी होतीस का? नाही. माहीत नव्हतं. इंजिनाची गरम हवा तिच्या कोटाच्या गुंड्यांवर आली आणि मग ट्रक हिसका देऊन थांबला, मागची गुरं एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला.

तो खाली उतरला. दार उघडंच ठेवलं.

“बाजूला हो, नेना.”

“दोन मिनिटं दे.”

“लोकांसमोर हे करायचं होतं तुला? घरी सांगता आलं नाही?”

“घरी काय सांगणार? तुझा ट्रक घरी नसतो.”

“याच्यावर जगलीस तू. आई जगली.”

“हो.”

“हो म्हणतेस.”

“खरं आहे म्हणून हो म्हणते. मी तुला चोर म्हणायला उभी नाही, ओस्वाल्दो. त्यांना पाणी पाजायला उभी आहे.”

त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. पिकलेले केस घामाने चिकटले होते. “आणि मग?”

“मग तू आत ने.”

“मग उपयोग काय?”

तिला वाटलं होतं की या प्रश्नाचं उत्तर इतक्या गुरुवारांत आपल्यापाशी तयार झालं असेल. ते नव्हतं. “माहीत नाही,” ती म्हणाली. “तहान तर लागलीय ना त्यांना. आत्ता.”

फाटकावरचा रखवालदार येऊन बघत होता, मागे आणखी एक ट्रक येऊन थांबला होता. पोरं बाटल्या घेऊन तशीच उभी होती, कारण तिने खूण केली नव्हती. मग ओस्वाल्दो हळू आवाजात, तिच्याकडे न बघता म्हणाला, “मागच्या कप्प्यात एक कालवड खाली बसलीय. लुहान गावापासून. इथून तुमच्या बाटल्या तिच्यापर्यंत पोचायच्या नाहीत.” आणि त्याने मिकाएलाच्या हातातला कॅन ओढून घेतला, जवळजवळ हिसकावून, आणि सत्तरीला टेकलेला तो जड माणूस ट्रकच्या मागच्या फळ्यांना धरून वर चढला. एक पाय घसरला, सावरला. वरून आत वाकला, इतका की त्याचा फक्त पट्टा आणि बूट दिसत होते. आतून त्याचा आवाज आला, बारीक, जिभेने टाळूवर केलेला, ‘च्च, च्च, घे, घे गं,’ जो गोठ्यात सगळेच काढत आणि शहरात कुणी काढत नाही. डेलियाने खूण केली. पोरं फळ्यांकडे धावली.

तो उतरला तेव्हा शर्ट छातीपर्यंत भिजला होता. कॅन त्याने तिच्या पायाशी ठेवला. “रविवारी येऊ नकोस,” तो म्हणाला. “मला जमायचं नाही तुझ्यासमोर.”

“मी येणार.”

“नेना.”

“येणार. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. माझी खुर्ची ठेव.”

त्याने तिच्याकडे एकदा सरळ पाहिलं, आणि वर चढून दार ओढलं. ती बाजूला झाली. हिरवा ट्रक तिच्या खांद्याजवळून, पानं चिरडत, फाटकातून आत गेला. तिने हात कोटाच्या खिशात घातले. मिकाएला जवळ आली, तिच्या चेहऱ्यावर अजून भीती होती.

“बाई, तो तुमच्या अंगावरच आला होता. कोण होता तो?”

फाटक लागलं. डेलियाने मान वर केली. मागचा ट्रक इंजिन चालू ठेवून वाट बघत होता, दाढीवाला बाटल्या भरत होता, दमियानची बायको रस्त्यावर सांडलेल्या पाण्याकडे बघत होती, आणि सगळे तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

“माझा भाऊ,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “थोरला.”